मावशींच्या गाडीचा सुस्कारा

ड्रायव्हिंग क्लासच्या फाटकाशी इतकी माणसं जमली होती, की अपघात झाला असावा म्हणून आणखी जमली. आत बॉनेट उघडून गाडी उभी. इंजिन चालू होतं, पण थंडी भरल्यासारखं थडथडत होतं, आणि आतून ‘स्स्स’ असा आवाज येत होता.

“ऐकलंत?” मावशींनी बोलावलेले मठातले महाराज म्हणाले. “हा सुस्कारा आहे.”

गर्दीतल्या दोघातिघांनीही लगेच सुस्कारा टाकला.

गाडी क्लासवाल्या मावशींच्या यजमानांची. ते गेल्यावर मावशी त्यांच्या जागी बसून शिकवू लागल्या. पण आता गाडी चौकाचौकात बंद पडू लागली आणि शिकणारे गळू लागले. आपण त्यांच्या जागी बसलो ते त्यांना रुचलं नाही, या भीतीनं मावशींची झोप उडाली. महाराजांनी ती भीती न सांगता ओळखली. मावशींनी ती फक्त अख्ख्या गल्लीला सांगितली होती.

“मेकॅनिकला लोखंड दिसतं, मला वासना दिसते,” असं म्हणून महाराजांनी एक ओला रुमाल काढला. त्याला ते शांतिवस्त्र म्हणत. तो इंजिनवर एका जागी ठेवताच थडथड थांबली, सुस्कारा थांबला. इंजिन जेवून पहुडलेल्या माणसासारखं एका लयीत चालू लागलं. रुमाल उचलला, पुन्हा थडथड. लोकांनी हात जोडले. मीही जोडले, माझे पटकन जुळतात.

“गाडी मठात आणून सोडा. तिथंच त्यांना शांती मिळेल. किल्ली द्या.”

मावशींनी जादा किल्ली कमरेची काढली.

“मावशी, जरा थांबा,” क्लासला येणारी लहान मुलांची डॉक्टर म्हणाली.

“तुला गं काय कळतं गाडीतलं? काल क्लच कुठला ते विचारत होतीस.”

“काहीच कळत नाही. पण माझे पेशंटही बोलत नाहीत. मी घरच्यांना विचारते. त्रास कधीपासून?”

“रविवारपासून.”

“त्याच्या आदल्या दिवशी काय दिलं होतं?”

मावशींनी जावयांकडे पाहिलं.

“अलार्म,” जावई म्हणाले. “चोरीचा. मी स्वतः बसवला, व्हिडिओ बघून. आणि तो उत्तम वाजतो.”

“कुठं बसवलात?”

“तिथंच. रुमाल ठेवतात ना, त्याच्या शेजारी.”

हे बोलून झाल्यावर जावयांनाच ते ऐकू आलं.

“महाराज, वस्त्र जरा पलीकडे ठेवून बघता?” डॉक्टरनं विचारलं.

“आत्मा पलीकडे नाही.”

“बरं.” तिनं काच पुसायचं फडकं ओलं केलं आणि महाराजांच्याच जागी ठेवलं. इंजिन शांत झालं.

“फडक्यालाही सिद्धी आहे वाटतं,” मागून कोणीतरी म्हणालं.

जावयांनी फडकं सोडवलं. मधोमध गोल खळगा पडला होता. खाली बोटाएवढ्या धातूच्या नळीचं उघडं तोंड, आणि शेजारी सुटून लोंबणारी रबरी नळी.

“भोंगा बसेना, म्हणून मी ही जरा बाजूला सारली होती,” जावई हळूच म्हणाले. “इंजिन इथून हवा ओढतं. नको तेवढी हवा आत गेली की पेट्रोलचा मेळ बिघडतो. ओलं कापड त्या ओढीनंच तोंडावर चिकटतं आणि भोक बुजतं.”

त्यांनी रबरी नळी घट्ट बसवली. सुस्कारा संपला.

“आत्मा मुक्त झाला,” महाराज म्हणाले आणि निघाले. जावयांनी गाडी बंद केली, बॉनेट लावलं आणि सवयीनं रिमोट दाबला. महाराजांचा रुमाल टपावर राहिला होता. तो घ्यायला ते परतले, गाडीला हात लागला, आणि अलार्म वाजला. उत्तम वाजला.

गर्दी पांगल्यावर मावशी म्हणाल्या, “म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते.”

“नाही हो मावशी,” डॉक्टर म्हणाली.

“मलाच कळायला हवं होतं. सुस्कारे टाकणारा माणूसच नव्हता तो. ओरडायचा.” त्यांनी हातातल्या फडक्यानंच डोळे पुसले, गालाला वंगण लागलं. “चल, बस गाडीत. आज रिव्हर्स. आणि फाटक तेवढं सोड.”

देव मी मानतो, कीर्तनात टाळही धरतो. म्हणूनच सांगतो: बुद्धी ही त्याचीच देणगी, ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवू नका. कालपर्यंत नीट चाललेलं आज बिघडलं, तर आधी विचारा, मधे आपण कशाला हात लावला होता? आणि गेलेल्या माणसाला त्यात ओढू नका. त्याला बिचाऱ्याला उत्तर देता येत नाही.