डब्यात पडला की आउट

साकीनाक्याचा कारखाना बंद झाला त्या दिवशी मालक म्हणाला, "केबिनमधलं काय हवं ते न्या." कुणी पंखा नेला, कुणी घड्याळ. खंडू, जयवंत, शरच्चंद्र आणि सुबोध पोहोचेपर्यंत एक लांबोडकी पिशवी तेवढी उरली होती. आत गोल्फच्या तीन काठ्या आणि डझनभर पांढरे चेंडू.

गोल्फ चौघांपैकी कुणीच पाहिलेला नव्हता. मालकाच्या भिंतीवरच्या फोटोत एक खड्डा आणि झेंडा दिसायचा, तेवढीच ओळख. पण चेंडू आहे, मारायला काठी आहे, म्हणजे हा क्रिकेटचाच कुणीतरी चुलतभाऊ असणार, असं शरच्चंद्रनं ठरवलं. तो स्टोअरकीपर, त्याचा शब्द चालायचा. नाहूरच्या मैदानात त्यांनी रंगाचा रिकामा डबा पुरला. एक फटका, एक रन. चेंडू डब्यात पडला की आउट. ज्याचे रन जास्त तो विजेता. दरवर्षी डिसेंबरातला दुसरा रविवार.

खंडू पंचेचाळिसाव्या वर्षी कामगारांच्या वर्गात लिहायला शिकलेला. "याचं अक्षर अजून ताजं आहे," म्हणत तिघांनी रन लिहायची वही त्याच्या हातात दिली. शरच्चंद्रच्या सोसायटीच्या ऑफिसात विजेत्यांची प्लायवूडची फळी टांगली, तिच्यावर नाव रंगवायचं कामही त्याच्याकडेच आलं. चौदा वर्षांत त्यानं दहा वेळा जयवंत लिहिलं, तीनदा शरच्चंद्र, एकदा सुबोध.

स्वतःचं नाव एकदाही नाही. खंडू लेथवरचा कसलेला टर्नर. सूतभर वाकडं त्याच्या हातून होतच नसे. मैदानाच्या भिंतीपासून डबा शंभर पावलांवर, आणि याचा चेंडू चौथ्या-पाचव्या फटक्याला टपकन आत. एका वर्षी जयवंत एकशे छत्तीसवर नाबाद राहिला, कारण जेवायची वेळ झाली. त्याच वर्षी खंडू तीन.

"काय रे खंडू, गॅसवर दूध ठेवून आलायस का?" सुबोध विचारायचा.

तो मुद्दाम चुकवायला बघायचा, पण हात ऐकत नसत. एकदा डोळे मिटून मारलं, तेव्हा सहा झाले. ते त्याचे सर्वांत जास्त. बायकोनं, शकुनं, त्या दिवशी शिरा केला होता.

यंदा नोव्हेंबरात नात मनाली मोबाइलवर गोल्फ बघत बसली होती. खंडूनं डोकावून विचारलं, "किती रन झाले याचे?"

"रन नसतात, आजोबा. ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो."

खंडूनं वही आणून तिच्यापुढे ठेवली. तिनं पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली, आणि ओरडली, "अहो, चौदाच्या चौदा वर्षं तुम्ही पहिले!"

खंडूला जेवण गेलं नाही. मैदानावर टॉवर येणार होता, एका बाजूनं बिल्डरचे पत्रे ठोकून झाले होते. हा खेळ शेवटचा. फळीवर ओळही एकच उरली होती.

खेळाच्या रविवारी त्यानं तिघांना सगळं सांगितलं.

"जुने निकाल उकरायचे नाहीत," शरच्चंद्र म्हणाला.

"नको ना. चौदा वर्षं तुमची. पण यंदा खऱ्या नियमानं खेळू. एवढंच."

"झकास!" जयवंत म्हणाला. "तूच जिंकणार, लिही नाव."

"खेळून लिहीन."

शरच्चंद्रला अडतीस लागले, सुबोधला चव्वेचाळीस. जयवंतचा बारावा फटका पार भलतीकडे गेला, बिल्डरच्या पत्र्यावर धाडकन आदळला, आणि तिथून परत येऊन डब्यात पडला. जयवंतनं कपाळावर हात मारला. "आयला, आउट!" मग त्याला नवा नियम आठवला.

बारा. खंडूला एवढे कधी लागलेच नव्हते. तो काठी घेऊन उभा राहिला. आजवर चेंडू पडू नये म्हणून मारला, आज पडावा म्हणून मारायचा होता. पहिला फटका गटाराकडे. चौथ्याला डबा दोन हातांवर आला. पाचवा काठाला घासून पुढे, सहावा मागे. बाराव्यानंतरही तो मारतच राहिला. डब्याभोवती चेंडू घाण्याच्या बैलासारखा फिरला. पडला तेव्हा सत्तावन्न झाले होते.

त्यानं वहीत सत्तावन्न लिहिलं. आकडा नीट आला.

"थांब रे," सुबोध बोटं मोजत म्हणाला. "जुन्या नियमानं सत्तावन्न म्हणजे तू पहिला!"

"मग झालं की!" शरच्चंद्र म्हणाला. "जुनाच नियम धरू. हात वर करा."

तिघांचे हात वर गेले. खंडूचा गेला नाही. "मीच तुम्हाला म्हणालो, तो नियम चुकीचा. आता मला हवा म्हणून बरोबर कसा होईल? आणि पाहिलंत ना, कसा खेळलो? एवढ्या डब्यात चेंडू जाईना."

"मग?" जयवंत उसळला. "मी चौदा वर्षं काय करत होतो? मुद्दाम चुकवत होतो वाटलं तुला? अरे, माझाही जातच नव्हता! एकशे छत्तीसला तर मी रडकुंडीला आलो होतो. तुम्ही टाळ्या वाजवत होता, मी काय बोलणार?"



संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात फळी खाली उतरवली. तिघांनी आळीपाळीनं विनवण्या केल्या. खंडूनं ब्रश रंगात बुडवला. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला. नाव मनात कधीचं तयार होतं, फळीवर जागाही होती, हात तेवढा उचलला जाईना. मग त्यानं 'ज' काढला.

"अरे, लाज वाटते रे मला आता," जयवंत म्हणाला.

"वाटू दे," खंडू म्हणाला. "फळी घट्ट धर. हलतेय."