बरणीतली तुतारी

मित्रांनो, मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या एका स्वयंपाकघरातली जुनी काचेची बरणी आहे. आज मला एक चूक कबूल करायची आहे. ती थोडी या घरच्या किर्तीची आहे, थोडी माझी.

किर्तीच्या आईने मला उल्हासनगरच्या बाजारातून आणले. सोळा वर्षे मी कैरीचे लोणचे सांभाळले. "बुरशीचा ठिपका नाही हो," असे पाहुणे म्हणत आणि मी फडताळात ताठ बसे. किर्तीच्या लग्नानंतर तिच्या सामानातून मी बदलापूरला आले. पुढे धाकटी राजसी एम.एस्सी.साठी बहिणीकडे राहायला आली. मी रिकामी दिसताच तिने शिरगावच्या डबक्याचे पाणी माझ्यात भरले.

हिरवट पाणी, तळाशी गाळ. मला फार लाज वाटायची. राजसी मात्र त्यात उकडलेले गव्हाचे दोन दाणे टाकायची.

"कुणाला जेवायला वाढतेस गं?" कडेवरच्या बाळाला सावरत किर्ती विचारायची.

"एकाच पेशीचे जीव आहेत, ताई. निळसर, तुतारीसारखे. मधून कापले तरी दोन्ही तुकडे पुन्हा पूर्ण होतात. सूक्ष्मदर्शकातून बघ ना एकदा."

"बाळ झोपलं की बघते."

बाळ झोपले की भांडी असत. तरी शेजारच्या भागीरथीकाकूंना किर्ती ऐटीत सांगे, "आमची राजसी संशोधन करते." कशावर, ते मात्र तिला सांगता येत नसे.

एके दिवशी राजसी कॉलेजला गेली असताना बाळाला ताप आला. त्यातच नगरपालिकेची माणसे दारात आली. "साठवलेलं पाणी ओतून टाका, ताई. डेंग्यूचे डास होतात." घाबरलेल्या किर्तीने मला मागच्या अळूच्या वाफ्यात उपडे केले आणि सोडा लावून लख्ख घासले. मित्रांनो, तेव्हा मी खूश होते. मला वाटले, आता पुन्हा लोणचे.

संध्याकाळी राजसीने मला ओट्यावर पालथे पाहिले. ती ओरडली नाही. आधी बाळाच्या कपाळावर हात ठेवून ताप उतरलाय का ते तिने बघितले. मग हळूच म्हणाली, "ताई, ते डबकं गेल्या महिन्यात बुजवलं. तिथे इमारत होतेय."

किर्तीने मला सुलटे करून आत पाहिले. "एकदा बघितलं असतं, तर माझा हात धजावला नसता गं."

सकाळी बाळाला कडेवर घेऊन तिने अळूतला चिखल चमच्याने खरवडला. माझ्यात घातला, उकळून गार केलेले पाणी ओतले, दोन दाणे टाकले. आठ दिवसांनी राजसीने तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवले.

"काहीतरी पळतंय गं."

"काही जीव चिखल सुकला की स्वतःभोवती कवच करून पडून राहतात. पाणी मिळालं की उठतात."

"आणि तुझी तुतारी?"

"तिला कवच करता येत नाही, ताई. ती गेली."

आता राजसी या कवचवाल्या जीवांवर काम करते. किर्ती भागीरथीकाकूंना त्या जीवांबद्दल अर्धा तास सांगते, काकूंचा चहा गार होईपर्यंत. माझ्यावर किर्तीच्याच अक्षरात चिठ्ठी आहे : 'विचारल्याशिवाय ओतू नये.'

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणाचा अभिमान वाटत असेल, तर त्याचे काम एकदा आपल्या डोळ्यांनी बघा. बाळ झोपायची वाट बघू नका.

किर्ती अजूनही माझ्यात दोन दाणे टाकते. मग थोडी थांबते आणि तिसरा टाकते. तो कुणासाठी, हे राजसी विचारत नाही.