तव्यावरची पोळी

"काकू, वाईट नका वाटून घेऊ, पण लिलीला फॅमिली बदलून हवीये," अश्लेषा म्हणाली आणि बशीतल्या पोह्यांत नुसताच चमचा फिरवत बसली.

सुलभाताईंना आधी वाटलं, ही थट्टा करतेय. अश्लेषा ज्या क्लबचं काम बघायची, त्या क्लबतर्फे दरवर्षी उज्जैनची काही मुलं वर्षभरासाठी परदेशात शिकायला जात आणि तिकडची इकडे येत. सुलभाताईंची श्रुती जुलैत हंगेरीला गेली आणि श्रुतीच्या खोलीत हंगेरीची लिली आली. सतरा वर्षांची, उंच, लाजाळू पोरगी. 'आई' म्हणायला ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती आणि आता मोडकंतोडकं हिंदी-मराठी बोलायची.

"का गं? काय कमी पडलं तिला इथे?"

"ती म्हणते, तुम्ही तिच्यासोबत जेवत नाही. मतलब, ती एकटी जेवते आणि तुम्ही बाजूला उभ्या राहून बघत असता. मला विचारत होती, मी बाहेरची आहे म्हणून त्यांना माझ्यासोबत बसलेलं चालत नाही का?"

सुलभाताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

दिवसभर फ्रीगंजच्या पोस्टात काउंटरवर बसून त्या घरी यायच्या ते थेट कणकेच्या परातीशी. आधी पाहुणी जेवणार, मग बातम्या संपल्यावर त्यांचे यजमान गोपाळकृष्ण आणि सगळ्यांचं झालं की त्या स्वतः, बहुतेक वेळा ओट्याशी उभ्यानंच. त्यांची आई असंच करायची, सासूबाईही. पानात पडलेली पोळी वाफाळती असली पाहिजे, बाकी जग इकडचं तिकडे झालं तरी चालेल, असा त्यांचा खाक्या होता. लिलीसाठी तर त्यांनी भैरवगढची छापाची नवी चादर आणली होती, तिला रामघाटावर आरतीला नेलं होतं. आणि हिला काय वाटलं, तर आपल्याला तिचा विटाळ होतो!

"अगं, मी तर तिला तव्यावरची पोळी घालते!"

"मला माहितीये काकू. माझी आई पण हेच करते. पण त्या पोरीला कसं कळणार? आता तर मी रविवारी तिला दुसऱ्या घरी पोचवायचं कबूल करून बसलेय."

अश्लेषा गेल्यावर सुलभाताई आधी रडल्या, मग चिडल्या, मग पुन्हा रडल्या. लिली कथकच्या क्लासला गेली होती, ते एक बरं झालं. बँकेतून आलेल्या गोपाळकृष्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता निकाल दिला, "खामखा मनाला लावून घेतेस. पाहुण्याला आधी वाढलं, यात अपमान कुठून आला?"

"नसेल आला. पण आपल्या दारात त्या लेकराला परकं वाटलं ना? आपली श्रुती पण कुणाच्या तरी दारात आहे."

श्रुतीचं नाव तोंडात आलं आणि त्यांनी तिलाच फोन लावला. तिकडे शाळेची मधली सुट्टी होती. सगळं ऐकून श्रुती आधी खो खो हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली,

"आई, पहिल्या आठवड्यात मी इथे अर्धपोटी झोपायचे."

"काय सांगतेस!"

"ते विचारायचे, अजून घेणार का? मी आपलं नको म्हणायचे. की ते भांडंच उचलून आत न्यायचे! मी वाट बघत बसायचे, की आता पुन्हा विचारतील. मला वाटलं, यांना मी नकोशी झालेय. बॅग पण भरली होती."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू काय केलं असतंस? रडली असतीस. मग मी इथल्या आईलाच सांगून टाकलं. आता ती मला तीन-तीनदा विचारते, बिलकुल तुझ्यासारखी." आणि मग तिने सुचवलं, "तू बस ना गं लिलीसोबत जेवायला."

"आणि पोळ्या कोण लाटणार?"

"आधी करून डब्यात ठेव."

"गार?"

"गार."

सुलभाताईंनी फोन ठेवला आणि पदर खोचला. त्या संध्याकाळी दिवेलागणीलाच पोळ्या लाटून झाल्या, फडक्यात गुंडाळून डब्यात गेल्या. टेबलावर तीन पानं मांडली गेली. गोपाळकृष्णांना टीव्हीसमोरून उठवून आणलं, तेव्हा बातम्या अर्ध्यावरच होत्या. ते कुरकुरले, पण बसले.

लिली आली आणि तीन पानं बघून दारातच थबकली.

"बस," सुलभाताई म्हणाल्या आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून आपण बसल्या. मग अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत त्यांनी मनातलं सांगून टाकलं. "देख बेटा, हमारे यहाँ ज्याच्यावर जीव असतो ना, त्याला तव्यावरची गरम पोळी वाढतात. म्हणून मी उभी राहायचे. तू बाहेरची म्हणून नाही गं. मी आधीच सांगायला हवं होतं."

लिली कानापर्यंत लाल झाली. "आई, मला वाटलं…"

"कळलं मला तुला काय वाटलं ते. जेव आता."

लिलीने आधी फोन काढला. "अश्लेषादीदीला मेसेज करते. रविवारी मी कुठे नाही जात." आणि ती डब्यातली पोळी अशी खाऊ लागली, की सुलभाताईंना भरून आलं.

त्यांना स्वतःला मात्र नुसतं बसणं जमेना. दोनदा त्या उठायला गेल्या, दोन्ही वेळा लिलीने हात धरून बसवलं. शेवटी त्यांनी पानात भात घेतला, त्यावर ताक ओतलं, चिमूटभर मीठ घातलं आणि मान खाली घालून कालवू लागल्या.

गोपाळकृष्ण हातातला घास तसाच धरून बघत राहिले.

"तू आधी ताकभात खातेस?"

"हो. पहिल्यापासून."

"मला माहीतच नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? मी जेवते तेव्हा तुम्ही झोपायला गेलेले असता." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आहे ते सांगितलं होतं.

गोपाळकृष्णांनी ताकाचं भांडं उचललं आणि सुलभाताईंच्या हाताशी नेऊन ठेवलं.