शेवटची बारीक ओळ

"वाचा काका, दिसतंय तिथवर."

पोस्टमास्तरांनी कार्ड नाकासमोर धरलं, लांब नेलं, परत जवळ आणलं. "‘न्हाव्याने दुकान उघडलं, तर खुर्चीत आधीच कोणीतरी बसलेलं...’ पुढे मुंग्या आहेत बुवा."

ताईने फ्रेममधलं भिंग काढून दुसरं सरकवलं. "आता?"

"आता मुंग्यांचे पाय दिसायला लागले!"

एरवी ती खळखळून हसली असती, पण आज सगळं लक्ष घड्याळात. साडेचार वाजायला आले होते.

आता या कार्डाची गंमत ऐका. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. जवळचा नंबर काढायला हे कार्ड द्यायचं, वरची ओळ ठळक, खाली खाली बारीक होत जाणारी. पण नेहमीची गिऱ्हाइकं एवढी बिलंदर की मजकूर पाठच करून टाकायची! दिसत नसलं तरी धडाधडा म्हणून दाखवायची, आणि मग चष्मा लागत नाही म्हणून भांडायला हजर. शेवटी मालक वैतागले. "दर दोन-तीन महिन्यांनी मजकूर बदलत जा. काहीही टाक."

काहीही म्हणजे काय टाकणार? तिने गोष्टी टाकल्या. आठ ओळींच्या, स्वतःच्या. कोणाला पत्ताही नाही. आणि शेवट यायचा पार तळाला, सगळ्यात बारीक अक्षरांत. तिथवर कोणी पोचायचंच नाही. पाचव्या-सहाव्या ओळीला नंबर सापडला की कार्ड खाली. ज्याला आठवी ओळ दिसते तो चष्म्याच्या दुकानात कशाला तडमडेल?

तर उन्हाळ्यात डोंगरावर लेखकांचं दहा दिवसांचं संमेलन होतं. नवीन लिहिणाऱ्यांनी अर्ज करायचा, मोबाइलवरूनच. आज शेवटचा दिवस, पाचपर्यंत. गोष्ट जोडून झाली, वय भरून झालं, गाडी अडली एकाच रकान्यावर. ‘तुमचं लेखन नेहमी वाचणाऱ्या एका व्यक्तीचं पत्र.’

सकाळीच तिने भावाला फोन लावला होता.

"तू लिहितेस? कधीपासून?" दादा म्हणाला. "थांब, हिला देतो, हिला वाचनाची आवड आहे."

"पाठवा की वन्सं," वहिनी म्हणाली, "वाचीन सवडीने."

सवडीने! मालकांना विचारायला तर तिची जीभच रेटेना.

आणि आता समोर पोस्टमास्तर. केव्हाचे रिटायर झालेले, सात वर्षांचं गिऱ्हाईक. तिने डोळे मिटून बोलूनच टाकलं. "काका, हे मी लिहिलंय."

"हे म्हणजे?"

"कार्डावरचं. आधीची कार्डंसुद्धा. सगळी."

"अगं, मला वाटायचं भिंगांच्या कंपनीकडून छापून येतं!"

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. संमेलन, अर्ज, पाच वाजता बंद. "एवढं पत्र द्याल?"

"देतो की! उभा जन्म लोकांची पत्रं पोचवली, मला लिही म्हणून कोण सांगतंय? आण कागद."

नवा चष्मा परवा मिळणार, म्हणून तपासणीची ती जडशीळ फ्रेम तशीच नाकावर ठेवून काका लिहायला बसले. दोन शब्द लिहिले आणि थांबले.

"पण एक सांग. मागच्या थंडीतली ती इस्त्रीवाली. कपडे करत असते, दार वाजतं. दारात कोण होतं गं? मला पुढचं दिसलंच नाही."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, पुढे काय! आणि अर्जाला तिने तीच गोष्ट जोडली होती. दारात कोणी नव्हतं. वाऱ्याने दाराची फळी आपटत होती, बस. आठवडाभर घासून घासून केलेली ओळ ती.

"मुलगा होता ना तिचा?" काका म्हणाले. "मी आपला तसंच धरून चाललोय. आमच्याकडे दार वाजलं ना, की ती आठवते."

ताईने तोंड उघडलं. समोर काकांचा केसपेपर पडला होता. ‘सोबत कोण’च्या पुढे सात वर्षं तिनेच ओढलेल्या रेघा, एकाखाली एक.

"हो काका. मुलगाच होता."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

आणि त्यांनी मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं, ‘या बाईंच्या गोष्टी मी सात वर्षं वाचत आलो आहे. त्यांच्या गोष्टींत वाट बघणाऱ्याकडे माणूस येतोच.’ सही, तारीख. वर शिक्का मारल्यासारखी मूठ आपटली.

तिने पत्राचा फोटो काढून जोडला. ‘पाठवण्यापूर्वी एकदा तपासा.’ पाचला दहा मिनिटं होती. एकच तर ओळ. दारात मुलगा उभा करायला कितीसा वेळ? तिने ती ओळ खोडली. कोरी जागा बघत राहिली. मग फळी, वारा, सगळं होतं तसं परत लिहिलं आणि पाठवून दिलं.

"गेलं?" काकांनी विचारलं.

"गेलं."

"आता बोलावतील बघ तुला!"

तिने हलक्या हाताने त्यांच्या नाकावरची फ्रेम उतरवली. काका तोंडभर हसले, अंदाजानेच, तिच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून.