एकशेबारा दांड्यांचा उतार

तंत्रज्ञानाच्या इतिहासाची ती परिषद दर दोन वर्षांनी भरायची, आणि तिथलं एक बक्षीस माणसाला आयुष्यात एकदाच मागता यायचं. पहिल्यांदा व्यासपीठावर उभं राहून निबंध वाचणाऱ्यासाठी होतं ते. हुकलं की हुकलं, कारण पुढच्या खेपेला तुम्ही नवखे उरत नाही. बक्षिसाबरोबर परिषद भरवणाऱ्या संस्थेत दोन वर्षांची संशोधकाची जागा मिळायची, आणि यंदा निबंध वाचायला आलेल्या तिचा खरा जीव अडकला होता तो त्या जागेत. बाकीचे उमेदवार पंचविशीतले, ही एकेचाळीस वर्षांची. कॉलेजातलं हंगामी शिकवणं या सत्राबरोबर संपणार होतं. पुढचं काहीतरी बघून ठेवा, असं प्राचार्यांनी अगदी गोड आवाजात सांगून टाकलं होतं.

वडिलांना तिने मुद्दाम बरोबर आणलं होतं. विषयच त्यांचा होता. छत्तीस वर्षं त्यांनी टाइपरायटर दुरुस्त करण्यात घालवली होती. त्यांच्या गल्लीत दुरुस्तीची तशी सात दुकानं होती, पण तोंडावर खरं सांगणारा म्हणून यांची ख्याती. ‘या मशीनमध्ये आता जीव नाही, उगाच माझ्याकडे हेलपाटे घालू नका,’ असं ते गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे आणि आल्या पावली परत पाठवायचे.

मुलीने चार वर्षं जुन्या कचेऱ्यांची अडगळ उपसली. त्या गल्लीत दुरुस्त झालेले एकशेबारा टाइपरायटर तिने शोधून काढले. ओळ संपली की कागदाचा रूळ, म्हणजे कॅरेज, मागे सारायची जी दांडी असते, तिची कड या सगळ्या यंत्रांवर तिरकी घासलेली होती. कारखान्यातून ती सरळ यायची. मग हा उतार आला कुठून? दिवसभर ती दांडी ढकलणाऱ्या टायपिस्ट मुलींच्या बोटांना कड टोचू नये म्हणून गल्लीतल्या मेकॅनिकांनी स्वतःच्या डोक्याने केलेली ही सुधारणा, असं तिने मांडलं. कुठल्याही कागदावर ज्यांचं नाव नाही, अशा माणसांची हुशारी. एका निवृत्त टायपिस्ट बाईंनी बोटं दुखायची असं सांगितलंही होतं.

वडिलांना तिने एवढंच विचारलं होतं, की ही कानस तुम्ही मारायचात का. ते म्हणाले, आम्हीच मारायचो. का मारायचात, ते विचारलं नाही. घरचा साक्षीदार घेऊ नये, आपणच त्याच्या तोंडात उत्तर घालतो, हे मार्गदर्शकांनी तिच्या मनावर ठसवलं होतं. शिवाय उत्तर तिला आधीच सापडलं होतं, आणि सापडलेलं उत्तर पुन्हा विचारायला शिकलेला माणूस जात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

निबंध उत्तम झाला. वीस मिनिटांच्या ठोक्याला संपला, अध्यक्षांना लाल कार्डही दाखवावं लागलं नाही. पडद्यावर एकामागून एक दांड्या येत गेल्या आणि सभागृहात माना डोलत गेल्या. दुसऱ्या रांगेत वडील इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते.

चहाच्या सुट्टीत ते कपबशी सांभाळत तिच्याजवळ आले. तू काय बोलत होतीस ते अर्धंअधिक डोक्यावरून गेलं, पण बोललीस झोकात, म्हणाले. मग हातातल्या छापील पानावरच्या दांडीच्या फोटोकडे बघून त्यांना हसू फुटलं.

“हा कशाला छापलास गं? आमची लबाडी चव्हाट्यावर मांडलीस की.”

तिला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते रंगात येऊन सांगत सुटले. अख्ख्या गल्लीत लोखंड आवळून धरायचा शेगडा एकच, कोपऱ्यावरच्या दुकानात. त्याच्या जबड्याचा एक दात तुटका. वाकलेली दांडी सरळ करायला त्यात धरली की तो हटकून कडेला चावायचा. गिऱ्हाइकाने ओरखडा बघितला तर बोंब ठोकेल, म्हणून सगळेच वरून तिरकी कानस मारून मोकळे व्हायचे. जन्मात तेवढी एकच लबाडी केली, असं म्हणून ते पुन्हा हसले.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. एकशेबारा यंत्रं, आणि त्यामागे एक तुटका दात. तिने हळूच सांगितलं, की बाबा, तुम्ही हे मुलींच्या बोटांसाठी केलंत असं मी आत्ता सगळ्यांना सांगून आले. त्यांचं हसू मावळलं. त्यांनी कप बशीत ठेवला.

“मग आता गं?”

जाऊन सांगते, असं ती म्हणाली आणि निघाली.

निवड समितीच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे तारखेच्या बाई म्हणत. कुणीही काहीही सांगितलं, अगदी घरी नातवंड झालं म्हणून सांगितलं, तरी बाई आधी तारीख विचारायच्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की तो शेगडा कुठे आहे. दुकान बंद झालं तेव्हाच भंगारात गेला, ती म्हणाली. मग पुरावा? पुरावा माझे वडील.

बाईंनी तिचाच निबंध उघडला आणि चौदाव्या पानावर बोट ठेवलं. गल्लीतल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने तिला सांगितलं होतं, की त्यात कसलं आलंय डोकं, नुसती झाकपाक होती. त्याच्या बोलण्याखाली तिने मोठ्या ऐटीत तळटीप दिली होती: कारागीर स्वतःची कल्पकता नेहमी कमी करून सांगतात, त्यांचा नकार हा शब्दशः घेऊ नये.

“तुझे वडील तर या तळटीपेत अलगद बसतात,” बाई म्हणाल्या. “तुझंच म्हणणं त्यांनी सिद्ध केलं.”

तिने पुन्हा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकी बाईंची नजर मायेने भरत गेली. पहिल्या खेपेला सगळ्यांचेच पाय लटपटतात, म्हणाल्या. स्वतःच्या हाताने तिने असं दार घडवलं होतं, की खरं बाहेरून कितीही ठोठावू दे, आत येऊ शकत नव्हतं. शेवटी तिचा चेहरा बघून बाई म्हणाल्या, की मी सगळ्यांसमोर त्यांनाच विचारते, मग तर झालं?

तिला हायसं वाटलं. बाबा खोटं बोलणार नाहीत. जागा जाईल, हसं होईल, पण सुटका होईल. आणि खरं सांगायचं तर तिला ते बक्षीस अजूनही हवंच होतं. याची तिला इतकी लाज वाटली, की जेवणाच्या सुट्टीत ती वडिलांसमोर जाऊन बसलीसुद्धा नाही.

दुपारी नाव तिचंच पुकारलं. ती वर जाऊन उभी राहिली. बाईंनी मानपत्र हातात घेतलं, पण दिलं नाही. एक मेकॅनिक आज आपल्यात बसले आहेत, त्यांनाच विचारू, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

“काका, हा उतार तुम्ही बोटांसाठी दिलात, की ओरखडा झाकायला? जे असेल ते सांगा.”

वडील उठले. त्यांनी बाईंकडे पाहिलंच नाही, लेकीकडे पाहिलं. खरं सांगा, असं तिला डोळ्यांनी म्हणायचं होतं. ती मान हलवू पाहत होती, पण मान हलेना. तिच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल, हा विचार तिला नंतर कधीच टाळता आला नाही.

“बोटांसाठी,” ते म्हणाले. घसा खाकरून त्यांनी पुढे जोडलं, “मुलींची बोटं सोलून निघायची हो. आम्हाला बघवायचं नाही.”

सभागृह उभं राहिलं. तारखेच्या बाईंनी डोळे टिपले आणि मानपत्र तिच्या हातात दिलं. फोटो निघाले. ती खाली आली तेव्हा वडील एकटेच खुर्चीत बसले होते, कानापर्यंत लाल झालेले. शाळेत पहिल्यांदाच कविता म्हणून आलेल्या पोराच्या आवाजात त्यांनी विचारलं,

“नीट सांगितलं ना गं मी?”

“नीट सांगितलंत, बाबा,” ती म्हणाली.