पाण्यावरचा मोर

वैशाख. बार्शीबाहेरच्या रस्त्यावर ऊन नुसतं उभं होतं, पांढरं, निश्चल, निर्वात. बाभळींच्या विरळ सावल्या आपापल्या बुंध्याशी अंग चोरून बसल्या होत्या. दूर डांबरावर मृगजळ लकाकत होतं, आणि त्या खोट्या पाण्याच्या काठी दिगंबरचं रेडियमचं दुकान रंगांनी फुललं होतं. शेंदरी, जांभळं, सोनसळी, मोरपंखी.

गाड्या तिथे उघड्या अंगाने येत आणि नटून जात. कुणाच्या टेम्पोवर कुलदैवत, कुणाच्या रिक्षावर लेकीचं नाव, कुणाच्या दारावर झेपावणारा वाघ.

चित्र चढवायच्या रीती दोन. एक ओली, एक कोरडी. ओल्या रीतीत पत्र्यावर शाम्पूच्या पाण्याचा फवारा मारायचा, चित्राच्या चिकट पाठीवरही मारायचा. मग चित्र तरंगतं, सरकतं, रुसतं, ऐकतं. जागा सापडली की पट्टीने पाणी निपटून काढायचं. कोरड्या रीतीत पाणी नाही आणि क्षमाही नाही. टेकलं तिथे टेकलं.

वृंदा ओल्या रीतीची. लग्न होऊन आली ती थेट चित्राच्या दुसऱ्या टोकाशी. एक टोक दिगंबरच्या हातात, एक तिच्या, आणि मधे रंगांचं थरथरतं आभाळ. पाण्याचे तुषार तिच्या पापण्यांवर बसत, आणि हा पट्टी थांबवून बघतच राही. दुसरा शृंगार त्या दोघांना ठाऊकच नव्हता म्हणा ना.

मग मुक्ता आली. दवभरली, दूधगंधी, चंद्रकोरीएवढी. वृंदाचं जग दुकानावरच्या खोलीएवढं झालं, मग पाळण्याएवढं झालं. आणि चित्राचं दुसरं टोक कल्याणीच्या हातात गेलं.

कल्याणी सोलापूरची, पुण्याला काम शिकून आलेली. हात कोरडा, निःशंक. मागचा कागद सोलला, चित्र टेकवलं, पट्टी फिरली, सर्रर्र! जणू रंग पत्र्याच्या पोटातूनच उमलला. 'वा गं!' दिगंबर म्हणे. ते 'वा गं' जिना चढून वर येई आणि वृंदाच्या उरात कुसळासारखं रुते.

कल्याणी त्याला दादा म्हणे, हिला वहिनी. राखीसुद्धा बांधून झालेली. संशय घ्यायचा तरी कसला? पण हेवा होता. हिरवा, हट्टी, हरळीसारखा मुळावणारा हेवा. त्या टोकाचा हेवा.

लेकीला पाजता पाजता ती खिडकीतून खाली बघे. खाली दोघांमध्ये ताणलेला रंग, इथे मांडीवर इवल्या ओठांची ओढ. लेक सुटू नये असंही वाटे, आणि लेक झोपली की पाय आपोआप जिन्याकडे वळत. वळत, आणि पहिल्या पायरीशी थबकत.

त्या दुपारी बँडवाल्यांची गाडी आली. लग्नसराई ऐन भरात, संध्याकाळी वरात. गाडीच्या दोन्ही अंगांना दोन मोर हवे होते. बँडमास्तर घाम पुसत उभे. कल्याणीने पहिला मोर उलगडला, तोच जिन्यावर पैंजण वाजले.

'हिला धर जरा,' म्हणत वृंदाने मुक्ताला कल्याणीच्या हातात दिलं आणि पिसाऱ्याचं टोक स्वतःच्या हातात घेतलं.

'अगं, तू?' दिगंबर हसला. 'थांब, पाणी आण...'

'कोरडाच लावू.'

'पत्रा बघ किती तापलाय. टेकला की धरेल.'

'तिचं चालतं. माझं नाही चालायचं?'

त्याने दुसरं टोक धरलं. कागद सुटला. मोर क्षणभर हवेत थरारला, आणि तापल्या पत्र्याने त्याला अधाशासारखं ओढून घेतलं. नीलकांत मान मधोमध दुमडली. पिसाऱ्याला सुरकुत्या पडल्या. वृंदाने घाईने उचलायला बघितलं, तर मोर रबरासारखा ताणला गेला आणि फाटला.

'वैनी,' बँडमास्तर म्हणाले, 'मोराच्या मानेत लचक भरली की हो! ह्यो वरातीत नाचायचा कसा?'

मुक्ताने टाहो फोडला होता. तिला झुलवत कल्याणी हळूच म्हणाली, 'वहिनी, एवढ्या उन्हात मीपण पाणीच मारणार होते. बाटली भरून ठेवलीय बघा.'

बाटली होती. सावलीत, काठोकाठ भरलेली, शांत. वृंदाला रागवायलाही जागा उरली नाही.

'हा पुन्हा छापतो,' दिगंबर म्हणाला. 'आधी पलीकडचा लावू.' आणि मग, मान वर न करता, 'घे टोक.'

घे टोक. किती दिवस तहानलेले होते तिचे कान या दोन शब्दांसाठी!

फवारा उडाला. ऊन क्षणभर सप्तरंगी झालं. पत्रा निवला, मोर पाण्यावर आला, अलगद, अल्लड, अधांतरी. तिने जरासा ओढला, तो आला. त्याने जरासा सारला, तो गेला. मान डौलात वळली. पट्टी फिरू लागली, आणि तिच्याखालून पाण्याच्या लडी झरझर उतरू लागल्या. दिगंबर तिच्याकडे बघून हसला, पूर्वीसारखा. वृंदाचं अंतःकरण पिसाऱ्यासारखं फुललं.

मग तिच्या ध्यानात आलं, रडं थांबलंय.

कल्याणीच्या खांद्यावर मुक्ता झोपली होती. गाल चुरगळलेला, ओठ अर्धवट उघडे, मुठीत कल्याणीची वेणी. वृंदाच्या अंगाईला तासन्‌तास दाद न देणारी ती पोर, परक्या खांद्यावर डोहासारखी निवांत. आणि कल्याणी डोळे मिटून डुलत होती, जणू जन्मभर हेच करत आली होती.

वृंदाच्या उरात लख्ख कळ उठली. पदराखाली पान्हा दाटला, आणि फुटला.

पण हात सोडता येत नव्हते. मोर अजून अर्धा पाण्यावर होता. पट्टीखालून पाणी ठिबकत होतं, पदराआडून दूध ठिबकत होतं. आणि वैशाखातली तापली माती दोन्ही थेंब पीत होती, एकेक, एकेक.