देगलूरच्या स्कॅनला दुसरी वाट

मंगळवारी सकाळी सव्वादहाला शिवप्पाचा फोन आला, तेव्हा सादिया नांदेडच्या आपल्या ऑफिसात नुकती कुठे टेकली होती. शिवप्पा हा देगलूरच्या स्कॅन सेंटरमधला तंत्रज्ञ. एरवी दहा चौकशा केल्याशिवाय तो कामाचं बोलायचा नाही. आज थेट मुद्द्यावर आला.

"म्याडम, स्कॅन वर चढंनाच झालाय. तीनदा करून बघितलं. बाईच्या डोक्याला लई मार हाय."

कॉम्प्युटरची बाजू सांभाळणारी सादिया आणि लातूरच्या डॉक्टर तनुजा यांनी चार वर्षांपूर्वी हे काम सुरू केलं होतं. देगलूर, बिलोली, अर्धापूर अशा सहा गावांत मशिनं होती, पण स्कॅन वाचणारा डॉक्टर एकाही ठिकाणी नव्हता. गावात काढलेला स्कॅन एका मोठ्या क्लाउड कंपनीच्या सर्व्हरवर जायचा, तनुजाताई लातुरात बसून तो उघडायच्या आणि अर्ध्या तासात रिपोर्ट गावात पोचायचा. त्या सकाळी त्या कंपनीचे सर्व्हरच बंद पडून बसले होते. सादियाच्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

बाईचं नाव कस्तुराबाई. माळवदावर हळद वाळत घालताना पाय घसरून खाली आल्या होत्या. त्यांचा मुलगा रामलिंग शिवप्पाच्या मागे उभा राहून "काय म्हनतेत? काय म्हनतेत?" एवढंच विचारत होता. ते फोनवर ऐकू येत होतं.

"शिवप्पा, कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा आणि ताईंना पाठवा," सादिया म्हणाली.

फोटो बघून तनुजाताईंचा आवाज उतरला. "डाव्या बाजूला पांढरं काहीतरी दिसतंय. पण ती काचेवरची चमकही असेल. स्कॅनमधले शंभर काप बघायचे असतात गं, एका फोटोवर मी काय छातीठोक सांगू?" मग त्या म्हणाल्या, "थांबू नका. नांदेडला हलवा त्यांना."

अँब्युलन्स निघाली. नांदेडच्या डॉक्टरांना मेंदूवर रक्त साकळलेलं सापडलं, ऑपरेशन झालं आणि कस्तुराबाई वाचल्या. सर्व्हर दुपारी तीनला सुरू झाले.

"सुटलो बाई," तनुजाताई म्हणाल्या.

"अंदाज बरोबर निघाला म्हणून सुटलो, ताई," सादिया म्हणाली. "पुढच्या वेळी चुकला तर?"

त्या रविवारी ती लातूरला गेली. तनुजाताईंच्या जेवणाच्या टेबलावर दोघी कागद पसरून बसल्या. ताईंचं म्हणणं साधं होतं : ही कंपनी सोडायची, दुसरी धरायची.

"दुसरीही कधीतरी बसेलच की," सादिया म्हणाली. "दोन्ही ठेवू. एक बसली तर दुसरी चालेल."

"मग सगळं दोन्हीकडे ठेव ना."

"सगळं ठेवलं तर दोन संसार सांभाळल्यासारखं होईल. दोन्ही कंपन्यांच्या रीती वेगळ्या, माणसं आपल्याकडे तीन. तुम्ही मला एवढंच सांगा, काय थांबलं तर माणूस दगावेल?"

ताई एकेक गोष्ट मोजू लागल्या. मागच्या वर्षीचे स्कॅन तासभर नाही मिळाले, तर कुणाचं काही अडत नव्हतं. महिन्याचे तक्ते तर दोन दिवस थांबले तरी चाललं असतं. अडायचं ते आजच्या स्कॅनवर आणि आजच्या रिपोर्टवर. सादियाने त्या दोनच गोष्टींभोवती गोल काढला. एवढंच एकाच वेळी दोन्ही कंपन्यांकडे जाणार. शिवाय, दोन्हीकडे सारखंच चालेल अशाच पद्धतीने ते साठवायचं, म्हणजे उद्या एकीला रामराम ठोकायची वेळ आली तरी अडकून पडायला नको.

तीन महिने त्या कामात गेले. मग एका गुरुवारी दुपारी सहाही गावांना आधी कळवून सादियाने चाचणी घेतली. पहिल्या कंपनीची वाट तिने आपल्या हाताने बंद केली. शिवप्पाने देगलूरहून नमुन्याचा स्कॅन पाठवला. तो दुसरीकडे पोचल्याचं स्क्रीनवर दिसलं. सादियाने सुटकेचा श्वास घेतला, तोच लातूरहून आवाज आला.

"अगं, मला आतच घेत नाही हे. पासवर्ड टाकला की नुसतं गोल गोल फिरतंय."

सादियाचे कान तापले. स्कॅन दुसरीकडे सुखरूप होता, पण कोण डॉक्टर आणि कोण परका हे तपासणारी यंत्रणा पहिल्याच कंपनीकडे राहिली होती. सगळी सेंटरं फोनवर ऐकत होती.

शिवप्पा म्हणाला, "म्हंजी घर दुसरं बांधलं, अन् किल्ली पहिल्यातच ठिवली की वो म्याडम!"

सहा गावं एकदम हसली. सादियालाही हसू फुटलं, आणि हसता हसता मनावरचा भार उतरला. टेबलावर कुणी पेशंट नसताना चूक सापडली होती. चाचणी घेतली ती यासाठीच.

पुढचे सहा आठवडे त्या किल्लीत गेले. ओळख तपासण्याची सोय दोन्हीकडे स्वतंत्र झाली. वाट केव्हा बदलायची आणि ते कोणी ठरवायचं, हे तिने एका पानावर साध्या मराठीत लिहून प्रत्येक सेंटरच्या भिंतीला लावलं. दुसऱ्या चाचणीत देगलूरचा रिपोर्ट बावीस मिनिटांत परत आला.

जानेवारीत पहिली कंपनी खरोखरच पुन्हा बसली. सकाळी अकरा वीसला मोबाइलवर इशारा आला, तशी सादिया खुर्चीतून उठलीच. ताईंनी मात्र पानावर लिहिल्याप्रमाणे वाट बदललीही होती. स्क्रीनवर बिलोलीचा एक हात, अर्धापूरची एक छाती, देगलूरचे दोन मणके दुसऱ्या वाटेने एकामागून एक जात होते आणि तनुजाताईंचे रिपोर्ट परत येत होते. तिला राहवेना. तिने शिवप्पाला फोन लावला.

"काही अडचण आहे का?"

"कसली वो अडचण? पाच पेशंट बसून हायत, बोलाय टाइम न्हाई. मागनं करतो." आणि त्याने फोन ठेवूनही दिला.

आजवर कुणी तिचा फोन असा तोडला नव्हता, आणि तोडलेला फोन तिला कधी इतका आवडलाही नव्हता. चाळीस मिनिटांनी पहिली कंपनी पूर्ववत झाली. ते कळलं फक्त तिला.

किनवटच्या एका दवाखान्याने जोडून घेण्याची विनंती केली होती. दुसरी वाट खरोखर टिकते का हे बघायचं होतं, म्हणून ते पत्र दिवाळीपासून तिच्या टेबलावर पडून होतं. तिने चहा मागवला, पत्र पुढे ओढलं आणि उत्तर लिहायला घेतलं : "पुढच्या सोमवारी मी स्वतः येते. तुमच्याकडे इंटरनेटची लाइन कोणती आहे, तेवढं आधी कळवा."